सुटे भाग, ठरलेली मापे

संगणक जोडायला फारशी हुशारी लागत नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेले बरे. मदरबोर्डावरच्या बहुतेक जागा अशा केलेल्या असतात की भाग उलटा बसतच नाही. रॅमच्या पट्टीला मध्यापासून जराशी बाजूला एक खाच असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना संपर्कबिंदू २८८च, पण खाचेची जागा वेगळी, म्हणून एकीच्या जागी दुसरी जात नाही. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण, सॉकेटवरही तसाच त्रिकोण. एक बऱ्यापैकी स्क्रूड्रायव्हर, रिकामे टेबल आणि मोकळी दुपार एवढ्या भांडवलावर दहावीतले मूल संगणक उभा करते, आणि बटण दाबल्यावर तो चालूही होतो. मग त्यासाठी अख्खे पुस्तक कशाला?

कारण खरे काम त्या दुपारच्या आधी होते, आणि ते कागदावर होते. कोणता प्रोसेसर घ्यायचा, त्याला कोणता बोर्ड चालतो, त्या बोर्डाला कोणती रॅम, या सगळ्यांना किती वीज, ती वीज देणारा एसएमपीएस कोणत्या कॅबिनेटमध्ये मावतो, आणि एवढे सगळे मे महिन्यात थंड कसे राहील, अशी ही यादी आहे. तीत एक नोंद बदलली की इतर तीन हलतात. यादी बरोबर असेल तर जोडणी हा हमालीचा भाग आहे. यादी चुकली तर जगातला कुशल कारागीरही ती दुरुस्त करू शकत नाही.

यादीची सुरुवात बहुतेक घरांत पैशापासून होते. ‘कितीपर्यंत बसेल?’ दुकानदारही हेच विचारतो, आणि त्याचे कारण उघड आहे: आकडा कळला की तो भरून काढणे त्याच्या हातात असते. त्याआधीचा प्रश्न, म्हणजे या यंत्राने करायचे काय, हा सहसा कोणी विचारत नाही. विचारला तर ‘अभ्यासासाठी’ असे उत्तर मिळते, ज्याचा अर्थ गेम असा घ्यायचा हे आई-वडील वगळता सर्वांना ठाऊक असते. पण प्रश्न गंभीर आहे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्याला भरपूर रॅम आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर हवा, महागड्या ग्राफिक्स कार्डाचा त्याला काडीचा उपयोग नाही. शेअर बाजारात दिवस काढणाऱ्याला तीन पडदे हवेत, आणि ते प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर, बोर्डाला तेवढी भोके असली तर, आरामात चालतात. मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र कार्डावरची मेमरी मोजून घ्यावी लागते. तिथे आठ जीबी आणि सोळा जीबी यांतला फरक वेगाचा नसतो, काम होणार की नाही याचा असतो. टॅली आणि बँकेच्या साइट एवढेच ज्याचे काम आहे त्याने हे पुस्तक परत ठेवून एखादा छोटा तयार संगणक घ्यावा, असा माझा प्रामाणिक सल्ला आहे.

आता या सगळ्या खटाटोपामागे एक गोष्ट आपण गृहीत धरतो, तिच्याकडे जरा नीट पाहायला हवे. एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा बोर्ड, तिसरीची रॅम, चौथीचा एसएमपीएस. या चौघींचे कारखाने वेगवेगळ्या देशांत, आणि तरीही त्यांचे भाग एकमेकांत बसतात आणि चालतात. फ्रीज किंवा वॉशिंग मशीन असे घरी जोडता येत नाही. मोबाइल तर नाहीच नाही. घरातल्या यंत्रांत हे भाग्य जवळपास एकट्या डेस्कटॉपच्या वाट्याला आले, आणि ते कोणी उदार होऊन दिलेले नाही. त्याचे मूळ एका बड्या कंपनीच्या घाईत आहे.

१९८० साली आयबीएमला छोट्या संगणकांच्या बाजारात उतरायचे होते. तिथे ॲपलसारख्या कंपन्या आधीच पोचल्या होत्या. सगळे आपल्याच कारखान्यात घडवायचे ही आयबीएमची जुनी रीत. त्या रीतीने गेले असते तर यंत्र यायला काही वर्षे लागली असती. म्हणून फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे एक छोटा गट बसवला गेला आणि त्याला साधारण वर्षभराची मुदत मिळाली. डॉन एस्ट्रिज याच्या हाताखालच्या या गटाने बाजारातला तयार माल उचलला: इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, टँडनचे फ्लॉपी ड्राइव्ह, एप्सनचा प्रिंटर, मायक्रोसॉफ्टची डॉस. १२ ऑगस्ट १९८१ रोजी यंत्र जाहीर झाले, किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे. आत जादा कार्डांसाठी पाच खाचा होत्या. आणि सोबत एक जाडजूड तांत्रिक पुस्तक विकत मिळत होते, ज्यात मंडलांचे आराखडे होते आणि बायॉसची, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या आज्ञावलीची, ओळन्‌ओळ छापलेली होती. इतरांनी या यंत्रासाठी कार्डे बनवावीत, हा त्यामागचा हेतू.

इतरांनी कार्डे बनवली, आणि मग यंत्रच बनवले. त्या संगणकात खास आयबीएमचे म्हणावे असे बायॉसखेरीज फारसे काही नव्हते, आणि बायॉसवर कॉपीराइट होता. छापलेली आज्ञावली उतरवून घेतली तर खटला ठरलेला. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने वाट काढली. एका गटाने मूळ आज्ञावली वाचायची आणि ती काय काय करते एवढेच लिहून काढायचे. दुसऱ्या गटाने, ज्याने ती कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्या वर्णनावरून नवी लिहायची. १९८२च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकचा संगणक जाहीर झाला. १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी अशाच रीतीने लिहिलेला बायॉस कोणालाही विकू लागली, आणि तैवानपासून टेक्ससपर्यंत ज्याच्याकडे टेबल आणि पेचांचा डबा होता तो संगणक बनवणारा झाला.

आयबीएमने पकड परत घेण्याचा प्रयत्न केला. १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ आणले, त्यातली कार्डांची खाच नवी होती, तिचे नाव मायक्रो चॅनल, आणि ती वापरायची तर परवाना शुल्क भरा असे सांगितले. तांत्रिक दृष्ट्या ती जुन्या खाचेपेक्षा चांगलीच होती. पण पुढच्याच वर्षी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपला वेगळा पर्याय जाहीर केला, आणि मायक्रो चॅनल हळूहळू विस्मरणात गेला. मुंबईतल्या पागडीच्या चाळीत घरमालकाचे जे होते तेच आयबीएमचे झाले: नाव त्यांचे, पण भाडेकरू विचारत नाहीत.

तेव्हापासून मापे ठरवण्याचे काम एका कंपनीच्या हाती राहिलेले नाही. मेमरीची मापे जेडेक ही उद्योगांची संस्था ठरवते, कार्डांच्या खाचांची पीसीआय-सिग नावाची दुसरी. बोर्ड किती लांब-रुंद असावा, पेचांची भोके नेमकी कुठे असावीत, मागची जोडण्यांची चौकट केवढी, हे १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या आराखड्यातून येते. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. १९९८ सालचे एखादे एटीएक्स कॅबिनेट माळ्यावर धड अवस्थेत सापडले तर आजचा बोर्ड त्यात भोकाला भोक जुळून बसतो. आतली हवा खेळणार नाही, तो भाग वेगळा. दरवर्षी जिथे काहीतरी कालबाह्य ठरते अशा या धंद्यात पेचाचे भोक इतकी वर्षे हललेले नाही, याचे मला कोणत्याही नव्या चिपपेक्षा जास्त अप्रूप वाटते.

आपल्याकडे ही कथा उशिरा आणि वाकडी वाट करून आली. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली झाली, १९९१ नंतर ती आणखी उघडली, आणि १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर संगणक आणि त्याचे भाग यांवरचे सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आले. या मधल्या काळात तयार परदेशी संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होता, आणि जे घरोघरी पोचले त्याला नाव होते ‘असेंबल्ड’. ‘ब्रँडेड’ घेतला हे सांगताना आवाज जरा चढायचा, ‘असेंबल्ड’ म्हणताना उतरायचा. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या कितीतरी पहिल्या सायबर कॅफेंत, टायपिंग इन्स्टिट्यूटमधून कॉम्प्युटर क्लास झालेल्या खोल्यांत आणि पतसंस्थांच्या काउंटरमागे हीच जोडलेली यंत्रे घरघरत होती.

मुंबईत हे सगळे मिळण्याचे ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते नाव पत्रावर लिहितात, टॅक्सीत कोणी उच्चारत नाही. ज्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षे चालला ते याच रस्त्यावरचे. रेडिओ आणि टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या या बाजाराने संगणकाचे भागही सहज सामावून घेतले. अरुंद जिन्याच्या दुकानात काउंटरवर पुठ्ठ्याचे खोके उघडे, भिंतीला लटकलेल्या केबल, आणि भाव ‘बिलासकट की बिलाशिवाय’ असा दुहेरी. हा दुसरा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचे उत्तर या पुस्तकात एकच दिले आहे: बिलासकट, जीएसटीचे १८ टक्के भरून, अनुक्रमांक लिहून घेऊन. वॉरंटीचा दावा करण्याची वेळ येते तेव्हा त्या कागदावाचून सुटा भाग हा नुसता सुटा भाग असतो. पुण्यात पंखे, वायरी, हत्यारे अशा किरकोळ मालासाठी तपकीर गल्ली आहेच. ज्यांच्या गावात यातले काही नाही त्यांना आता ऑनलाइन खरेदी आहे, आणि तिच्याबरोबर येणारी ‘खोके उघडताना व्हिडिओ काढा’ ही नवी शिस्तही.

त्या काळचा असेंबलर आजच्यापेक्षा जास्त शिकलेला असे, किंवा त्याला शिकावे लागे. बोर्डाचा वेग जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या इकडेतिकडे बसवून ठरवायचा. दोन हार्ड डिस्क एका केबलवर असतील तर एकीला मास्टर, दुसरीला स्लेव्ह करायचे, तेही जंपरनेच. साउंड कार्ड आणि प्रिंटर एकाच इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याच्या एकाच मार्गावर, हक्क सांगू लागले की दोन्ही गप्प. एसएमपीएसच्या दोन सारख्याच दिसणाऱ्या जोडण्या बोर्डात शेजारीशेजारी खोचायच्या असत, काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून. उलट्या खोचल्या तर बोर्डाची राख. एटीएक्सने त्या दोनांची एकच जोडणी केली आणि बऱ्याच लोकांची झोप सुखाची झाली. त्या पिढीचे एक औषध मात्र आजही चालते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणाने रॅमचे संपर्कबिंदू मळतात आणि यंत्र नुसतेच बीप देते. पट्टी काढायची, साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायची, परत बसवायची. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कुठे लिहिलेले नसते.

याच ओघात पुण्याच्या सी-डॅकचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळेना म्हणून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने परम ८००० दाखवला. त्याच्या पोटात खास घडवलेला एखादा राक्षसी प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या, बाजारात विकत मिळणाऱ्या ६४ ट्रान्सप्यूटर चिपा एकमेकींना जोडून ते यंत्र केलेले होते. आपल्या टेबलावरच्या उद्योगाशी त्याची बरोबरी करायची नाही, पण विचाराची जात एकच आहे.

आता पुस्तकाच्या मुख्य विषयांकडे. परदेशी लेखक आणि यूट्यूबवरची मंडळी संगणक जोडायला शिकवतात तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर तासन्‌तास बोलतात आणि एसएमपीएसला दोन मिनिटे देतात. त्यांच्या भिंतीतून येणारी वीज बहुतांशी शहाण्यासारखी वागते, म्हणून त्यांना ते परवडते. आपल्याला परवडत नाही, आणि म्हणून इथे सर्वांत लांब प्रकरण विजेचे आहे.

एसएमपीएसचे काम भिंतीतल्या २३० व्होल्टांचे मुख्यतः १२ व्होल्ट करण्याचे, आणि भिंतीत काहीही झाले तरी ते बारा बाराच ठेवण्याचे. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६० सारखे कार्ड असलेले यंत्र खेळ रंगात आला तरी सहसा तीनशे वॉटच्या आत राहते. त्याला साडेपाचशे वॉटचा चांगला एसएमपीएस पुष्कळ झाला. पण ‘चांगला’ हा शब्द महत्त्वाचा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॉट छापलेले असते, आणि छापायला शाईखेरीज काही लागत नाही. हातात घेतला तर तो डबा हलका लागतो, वायरी सुतळीपेक्षा बारीक, आणि बिघडताना तो एकटा जात नाही, बोर्ड आणि डिस्क यांना बरोबर घेऊन जातो. ‘८० प्लस’ हा छाप पाहून पुष्कळ जण निर्धास्त होतात. २००४ मध्ये सुरू झालेला तो छाप किती वीज उष्णतेत वाया जाते एवढेच सांगतो. आतले कपॅसिटर किती वर्षे टिकतील, व्होल्टेज उसळले तर संरक्षण आहे का, यावर तो मुका आहे. त्यापेक्षा कंपनी किती वर्षांची वॉरंटी देते ते पाहावे. जो स्वतःच्या मालाची पाच-सात वर्षे हमी घेतो त्याने आत काहीतरी बरे घातलेले असते.

यूपीएसचेही गणित लोक चुकवतात. दुकानात ६०० व्हीए म्हणून मिळणारा यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलतो. त्याच्यावर संगणक, मॉनिटर, राउटर आणि शिवाय प्रिंटर लटकवला की वीज जाताच सगळेच जाते, आणि दोष यूपीएसला. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. काही आधुनिक एसएमपीएसना ती मानवत नाही आणि ते त्या क्षणी डोळे मिटतात.

आणि अर्थिंग. अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या वाड्यांत आणि बैठ्या घरांत इतकी सर्रास आहे की लोक तिला संगणकाचा स्वभाव समजतात. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही बाजूंकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, या भरवशावर की पत्रा अर्थला जोडलेला आहे. अर्थ नसेल तर पत्रा दोहोंच्या मध्ये, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांवर लोंबकळत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. दोन पिनांचे ॲडॉप्टर लावून तिसरी पिन मोकळी सोडणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे होते. इथे इलेक्ट्रिशियन बोलवा, एवढेच पुस्तक सांगते. अर्थचा खड्डा स्वतः करण्याचा विषय यात घेतलेला नाही.

उष्णतेचेही तसेच. कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीपेक्षा किती अंश वर ठेवायचे ते ठरवतो. वीस-बावीस अंशांच्या प्रयोगशाळेत ७० अंश दाखवणारा कूलर, बाकी सगळे तसेच राहिले तर, चंद्रपुरात मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९०च्या घरात पोचतो, आणि बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतात. म्हणजे पूर्ण वेगाचे पैसे दिले आणि वापरायला कमी मिळाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने समोरून जाळीदार असलेले कॅबिनेट घ्यावे आणि काचेच्या दर्शनी भागाचा मोह सोडावा. रंगीत दिव्यांविषयी माझे मत विचाराल तर ते मी आवरते घेतो.

भाग एकमेकांत बसतात असे मी वर म्हटले, त्याला अपवाद आहेत, आणि ते नेमके महागात पडतात. २०१७ मध्ये इंटेलने प्रोसेसरची नवी पिढी आणली. सॉकेटचे बिंदू आधीइतकेच, ११५१, आकार तोच. तरी जुन्या बोर्डावर ती अधिकृतपणे चालत नव्हती. याउलट एएमडीचा एएम४ सॉकेट: २०१७ मध्ये घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायॉस अद्ययावत करून पाच वर्षांनी निघालेला ५८००एक्स३डी बसवता येतो. म्हणजे सॉकेटचा आकडा जुळणे पुरेसे नाही, बोर्ड बनवणाऱ्याने आपल्या पानावर ठेवलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावीच लागते, आणि बायॉसची कोणती आवृत्ती लागेल तेही. इंटेलच्या नावाअखेर एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, वेगळे कार्ड घ्यावे लागेल. खोक्याशिवाय ‘ट्रे’मध्ये स्वस्त मिळणाऱ्या प्रोसेसरबरोबर कूलर नसतो, आणि वॉरंटी कोणाची हे आधी विचारावे लागते. असली बारीकसारीक माहिती कंटाळवाणी आहे हे मला मान्य आहे. पण पैसे इथेच बुडतात.

स्वतः जोडला तर स्वस्त पडतो का? एकेकाळी निःसंशय पडे. आता ते बाजाराच्या लहरीवर आहे, आणि त्या लहरींचा आपल्या घरच्या संगणकाशी संबंध असेलच असे नाही. आरटीएक्स ३०८० हे कार्ड २०२०च्या सप्टेंबरात ६९९ डॉलरला जाहीर झाले, आणि त्यानंतर बराच काळ त्या किमतीला ते दिसले की लोक दचकत. साथीचा काळ, चिपांची टंचाई आणि इथेरियम हे आभासी चलन खणणारे एकाच वेळी बाजारात उतरले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, खाणकाम एका दिवसात निरुपयोगी झाले, आणि दिवसरात्र तापलेली कार्डे ‘क्वचित वापरलेले’ म्हणून जुन्या बाजारात आली. २०२५च्या अखेरीस हीच पाळी रॅमवर आली: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की पट्ट्यांचे भाव भडकले, आणि मायक्रॉनने क्रुशियल या नावाने घरगुती ग्राहकांना माल विकणे थांबवण्याचा निर्णय डिसेंबरात जाहीर केला. अशा वेळी तयार संगणक स्वस्त पडू शकतो, कारण मोठ्या कंपन्यांनी माल जुन्या भावाने आधीच उचललेला असतो. तेव्हा बचतीचे आश्वासन हे पुस्तक देत नाही. दोन वर्षांनी फक्त कार्ड बदलायचे, चार वर्षांनी फक्त डिस्क वाढवायची, बिघाड झाला तर नेमका कोणता भाग गेला ते ओळखून तेवढाच आणायचा, ही सोय मिळते. पैशाचा खरा फरक तिथे पडतो, पहिल्या बिलात पडेलच असे नाही.

ही सोय कायम राहील असे समजण्याचे कारण नाही. २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप आणली आणि मेमरी प्रोसेसरच्या शेजारी, एकाच तुकड्यावर चिकटवून टाकली. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर झाळलेली असणे आता नेहमीचे झाले आहे. याला कंपन्यांचा लोभ म्हणणे सोपे आहे, आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. पण फ्रेमवर्क या कंपनीचे उदाहरण विचार करायला लावते. ग्राहकाने स्वतः उघडावा, भाग बदलावेत असाच लॅपटॉप विकून ती नावारूपाला आली. त्याच कंपनीने २०२५च्या फेब्रुवारीत डेस्कटॉप जाहीर केला, आणि त्यातली रॅम झाळलेली निघाली. निवडलेल्या प्रोसेसरला जितक्या वेगाने मेमरीशी बोलायचे होते तितक्या वेगाला खाच आणि पट्टी यांमधून जाणारा संकेत धड टिकत नव्हता. अंतराचे मिलिमीटर आड येतात तेव्हा लोभ नसलेल्यालाही झाळावे लागते. दुसरीकडून सॉफ्टवेअरही कुंपण घालते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला लागणारी प्रोसेसरची अट न पाळणारी, एरवी धडधाकट असलेली यंत्रे एका तारखेला जुनी ठरली. त्यांच्यासाठी लिनक्सवर एक प्रकरण आहे. ते लहान आहे, पण मनापासून लिहिलेले आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडेच. पहिला भाग यादीचा, दुसरा जोडणीचा, तिसरा ‘डिस्प्ले येत नाही’ या वाक्याचा. जोडून झाल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा राहतो, हे इतक्या लोकांच्या वाट्याला येते की त्याला स्वतंत्र भाग द्यावा लागला. त्यातली निम्मी उत्तरे तिथे वाचेपर्यंत थांबण्याची गरज नाही: बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची वेगळी जोडणी राहिली आहे का, रॅमची पट्टी दोन्ही टोकांना ‘टक्‌’ वाजेपर्यंत दाबली का, आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डात तर खोचलेली नाही ना, एवढे पाहावे. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची पारख करत काही मिनिटे गप्प बसतो. त्या मिनिटांत बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने आपोआप चालत नाही, ती बायॉसमध्ये जाऊन तशी चालू करावी लागते, हेही पुष्कळांना वर्षभराने कळते.

किमती मात्र कुठेही दिलेल्या नाहीत. छापून येईपर्यंत त्या बदलल्या असत्या. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे: भाग, मॉडेल, दुकान, भाव, तारीख, अनुक्रमांक, वॉरंटी कधी संपते. तो पेन्सिलीने भरावा.